जावेवरची नजर

त्या वर्षी भादव्यात सोनूबाईचे गुडघे पुरते गेले. खारच्या बाजारात तिचा मासळीचा ओटा होता. नवरा गेल्यावर तिनं तो एकटीनं चालवला होता, त्यावर दोन पोरं वाढवली होती. पण आता खारदांड्यापासून बाजारापर्यंत चालणं तिला होईना आणि ओट्यावर एकदा मांडी घातली की कुणीतरी हात दिल्याशिवाय ती सुटेना.

घरात दोन सुना होत्या. थोरल्या गुणाजीची मंजुळा आणि धाकट्या चंदरची माणिक. ओटा कुणाकडे जाणार हे मंजुळेनं कधी विचारलं नव्हतं, कारण त्यात विचारण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. ती थोरली होती. लग्न झाल्यापासून सासूच्या मागनं पाटी वाहून तिच्या टाळूवरचे केस विरळ झाले होते. बाजारातल्या बायका तिला सोनूबाईची सून म्हणूनच ओळखत.

गणपती गेले आणि एका सकाळी किनाऱ्यावर होडीतली मासळी निवडता निवडता सोनूबाईनं सांगून टाकलं की ओट्यावर माणिक बसेल. माणिकची जीभ गोड, ती गिऱ्हाईक टिकवेल. मंजुळेचा हात कामाला चांगला, तिनं वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत घालायचं बघावं आणि उरल्या वेळात पाटी घेऊन बंगल्यांची फेरी करावी. बोलताना सोनूबाईनं वर पाहिलं नाही. मंजुळेनंही पाहिलं नाही. तिच्या हातात हलवा होता, तो तिनं हलव्याच्या ढिगात टाकला आणि पुढचा मासा उचलला.

माणिक वेसाव्याहून आलेली. रंगानं उजळ, हसताना मान मागे टाकणारी. आली तेव्हा घरात शेवया खाल्ल्यासारखं सगळे गोड झाले होते. चंदर तर होडीवरनं उतरला की आधी तिला शोधी. गुणाजीनं मंजुळेला असं कधी शोधलं नव्हतं. तो भला माणूस होता, मारत नव्हता, पीत नव्हता, आणि बोलतही नव्हता. मंजुळेला मूल झालं नाही यावरही तो कधी बोलला नाही. सोनूबाई मात्र बोलायची. तोंडावर नाही, शेजारणीशी, पण मंजुळेला ऐकू जाईल अशा बेतानं.

माणिकलाही अजून दिवस गेले नव्हते. घराच्या मागे, वलांडीच्या बांबूंच्या आड एक दोरी होती. तिथं बायका महिन्याची फडकी धुऊन वाळत घालत. माणिक या घरात आल्यापासून मंजुळा दर महिन्याला त्या दोरीकडे जायची. बोंबलांना ऊन लागतं का ते बघायला म्हणून जायची आणि माणिकची फडकी दिसली की तिच्या छातीवरचा भार उतरायचा. त्या दिवशी ती जेवायची नीट. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगण्यासारखं आहे असं स्वतःलाही कधी मान्य केलं नव्हतं.

आश्विन लागला. मोसम बरा नव्हता. बोंबील उशिरा आला आणि आला तो बारका. दोघे भाऊ लांबवर जायचे आणि अर्ध्या होडीनं परतायचे. त्यामुळे घरी येई ती मासळी लवकर बाजारात न्यायची घाई असे. अशाच एका सकाळी दोघी जावा पाट्या घेऊन निघाल्या. माणिक पुढे, मंजुळा मागे. बाजाराच्या दारात बर्फाचं पाणी सांडलेलं होतं. ओट्यावर चढायच्या पायरीशी माणिक पोचली, तेवढ्यात कुणा गिऱ्हाइकानं तिला हाक मारली. ती हसून वळली, तिचा पाय सरकला आणि ती सरळ मागे गेली. डोक्यावरची पाटी एकीकडे आणि तिचं डोकं पायरीच्या दगडी कडेवर. ओल्या लाकडावर कोयता बसावा तसा आवाज झाला.

मंजुळेच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता दिसेल सगळ्यांना कुणाला काम येतं ते. पापलेटं पार दारापर्यंत घसरत गेली होती. मग तिनं माणिककडे पाहिलं. माणिकचे डोळे उघडे होते आणि ते कुठंच बघत नव्हते. तिनं पाटी खाली टाकली, माणिकच्या गालावर थापट्या मारल्या. शेजारच्या ओट्यावरच्या बाईनं पाणी आणलं. थोड्या वेळानं माणिकनं डोळे हलवले, उठून बसली आणि पाटी कुठं आहे म्हणून विचारलं. मंजुळेनं दाखवली. जरा वेळानं माणिकनं पुन्हा तेच विचारलं. डोक्याच्या मागे लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं, पण रक्त नव्हतं.

पापलेटं गोळा करून दोघी ओट्यावर बसल्या. माणिकला हळूहळू हुशारी आली. तिनं मंजुळेचा हात धरला.

"बाय, आयेला बोलू नको," ती म्हणाली. "बोलेल, हिला ओटा झेपत नाय. काढून घेल माझ्याकडनं."

मंजुळेनं मान डोलावली. माणिकनं आपला हात धरून काहीतरी मागावं, हे तिला बरं वाटलं होतं. फेरीला निघताना पाटीचं वजन तिला लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोरीवर माणिकची फडकी होती.

त्यानंतरचे दोन-तीन दिवस माणिक कुशीवर झोपे आणि कपाळ चोळी. डोकं ठणकतं म्हणाली, तेव्हा सोनूबाईनं सुंठ उगाळून लावली. बाजारातल्या गोंगाटानं दुखतं, असं माणिकनंच सांगितलं. मग एका सकाळी चुलीजवळ बसल्या बसल्या ती उठली आणि दारात जाऊन भडभडून ओकली. आत येऊन भिंतीला टेकली, तिचा चेहरा पांढरा पडला होता. तांदळाची भाकर थापणारी सोनूबाई थांबली. तिनं सुनेकडे नीट पाहिलं, आणि तिच्या तोंडावर जे आलं ते मंजुळेनं आपल्या लग्नापासून कधी पाहिलं नव्हतं. सासूनं गुडघ्यांचं दुखणं विसरून उठून माणिकच्या तोंडावरनं हात फिरवून बोटं मोडली.

दुसऱ्या सकाळी माणिक पुन्हा ओकली. मग काही विचारायचंच उरलं नाही. दुपारपर्यंत आळीतल्या बायका येऊन गेल्या. कुणी चिंच आणली, कुणी तळलेली मांदेली. माणिकला ते बघूनच मळमळलं आणि बायका हसल्या. ती स्वतःच म्हणाली की असं काही नसेल, पण तिला धड बोलायचीही शक्ती नव्हती आणि नव्या सुना असंच म्हणतात हे सगळ्यांना माहीत होतं. चंदर समुद्रावरनं आला तेव्हा सोनूबाईनं त्याला कोपऱ्यात नेऊन सांगितलं. तो लाजून हसला आणि रात्री जेवताना आपल्या ताटातलं पापलेट त्यानं माणिकच्या ताटात टाकलं. तिनं ते खाल्लं नाही.

मंजुळा हे सगळं बघत होती. आतून ती जळत होती, इतकी की हाताला विळी लागली तरी तिला कळलं नाही. आणि त्याच वेळी तिच्याजवळ एक गोष्ट होती जी घरात दुसऱ्या कुणाजवळ नव्हती. दोरीवरची फडकी तिनं डोळ्यांनी पाहिली होती, माणिक पडल्याच्या दुसऱ्या दिवशी. माणिक पोटुशी नव्हती. मंजुळा ते जिभेखाली ठेवून होती. नाचू देत त्यांना, तिला वाटे. महिना भरला की सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी होतील. सासूनं आळीभर केलेला गाजावाजा सासूलाच गिळावा लागेल.

सोनूबाईनं हुकूम दिला की माणिकनं आता पाटी उचलायची नाही. ओट्यावर नुसतं बसायचं. पाटी मंजुळा पोचवेल, मग आपली फेरी करील. त्यामुळे मंजुळा पहाटे माणिकची पाटी डोक्यावर घेऊन तिच्या मागनं चालू लागली, नोकर चालावा तशी. वाटेत भेटणाऱ्या बायका माणिकला सांभाळून जायला सांगत आणि मंजुळेला म्हणत, जपून ने हो तिला. मंजुळा हो म्हणे.

पण ओट्यावर काहीतरी बिनसलं होतं. शेजारच्या ओट्यावरच्या बाईनं मंजुळेला बाजूला घेऊन सांगितलं की माणिक बसल्या जागी पेंगते. हलवा मागितला तर बोंबील बांधून देते. काल तिच्या उजव्या हातातनं कोयता दोनदा गळला. आपण काय बोललो ते तिला आठवत नाही. त्या बाईचंही म्हणणं की काही बायकांना पहिल्या महिन्यांत असं होतं. मंजुळा हं म्हणाली. गिऱ्हाईक गेलं तर बरंच, असं तिला वाटून गेलं, आणि ती फेरीला निघून गेली.

त्याच्या दुसऱ्या सकाळी भरती ओसरली होती, म्हणून दोघी वाळूतनं आडव्या निघाल्या. नेहमीसारखी माणिक पुढे होती. मंजुळेच्या डोक्यावर भरलेली पाटी, तेव्हा मान वर करता येत नव्हती. तिची नजर खाली, ओल्या वाळूवर होती. माणिकचा डावा पाय स्वच्छ उमटत होता. टाच, चवडा, पाची बोटं. उजवा उमटतच नव्हता. त्याच्या जागी वाळूत एक ओरखडा होता, कुणीतरी काठी ओढत न्यावी तसा. पाऊल, ओरखडा. पाऊल, ओरखडा.

मंजुळा ती ओळ बघत चालत राहिली. पोटुशी बाई ओकते. पोटुशी बाई झोपते. तिचा पाय असा फरफटत नाही. आणि मग तिला ते सुचलं जे इतक्या दिवसांत सुचायला हवं होतं. माणिक पोटुशी नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. मग ती ओकते कशानं?

ती जागच्या जागी उभी राहिली. पुढे माणिक थांबली, तिच्याकडे वळून पाहू लागली. सकाळचं ऊन तोंडावर होतं तरी तिचा एक डोळा काळाभोर दिसत होता, दुसऱ्यापेक्षा मोठा. तिनं विचारलं, "बाय, आपण कुठं चाललोय?"

मंजुळेनं तिला बाजारात नेलं नाही. हाताला धरून घरी परत आणलं, झोपवलं आणि सोनूबाईला सगळं सांगितलं. पायरीवर कशी पडली, डोळे कसे फिरले, टेंगूळ केवढं आलं. डॉक्टरला दाखवायला हवं. सोनूबाई ऐकत होती आणि तिच्या कपाळावरच्या आठ्या वाढत होत्या. तिनं विचारलं की पडली कधी. मंजुळेनं सांगितलं. सासूनं विचारलं, मग इतके दिवस तोंडाला काय झालं होतं? मंजुळा म्हणाली, तीच बोलली की सांगू नको.

"आणि तू ऐकलंस," सोनूबाई म्हणाली. "तिचं तू आजवर काय ऐकलंस गो? आता घरात बरं होतंय म्हटल्यावर तुना पडल्याची आठवण झाली."

सासूचं अर्धं म्हणणं खरं होतं, हे मंजुळेला कळत होतं.

सोनूबाईनं माणिकला हलवून विचारलं की पडली होतीस का. माणिकनं डोळे किलकिले केले, नाही म्हणाली आणि पुन्हा कुशीवर वळली. तिला आठवतच नव्हतं. सोनूबाईनं मंजुळेकडे पाहिलं आणि तिच्यासमोर चुलीतली राख घेऊन माणिकची दृष्ट काढली. कुणाची दृष्ट ते तिनं सांगितलं नाही.

दुपारी दोघे भाऊ आले. होडी ओढून, जाळी वाळूत पसरून, खाऱ्या पाण्यानं पांढऱ्या झालेल्या अंगानं ते दारात आले तेव्हा मंजुळा माणिकच्या उशाशी बसून होती. तिनं सकाळपासून माणिकला अनेकदा हाका मारल्या होत्या. आधी ती हुंकार देई. मग पापण्या हलवी. आता चिमटा काढला तर डावा हात ओढून घेत होती, उजवा तसाच पडला होता. तिच्या तोंडातनं लाळ गळत होती आणि श्वास घोरल्यासारखा जड येत होता. मंजुळा बाहेर आली आणि तिनं चंदरला सांगितलं की घोडागाडी आण, हिला आत्ता डॉक्टरकडे न्यायचं.

सोनूबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. ती म्हणाली की पहिलटकरणीला झोप येतेच, हलवाहलव केली तर पोटातलं जाईल. कुणी न्यायची नाही. चंदर आईकडे आणि वहिनीकडे आळीपाळीनं बघत होता. मग तो म्हणाला, "वयनी, तुना वाईट वाटतंय ते समजतंय मना. पण तिला झोपू दे."

मंजुळेनं गुणाजीकडे पाहिलं. तो खांद्यावरनं आणलेल्या एका जाळ्यातलं शेवाळ काढत खाली बघत होता. तिच्या लक्षात आलं की आता काही सांगायचं तर एकच गोष्ट उरली आहे, आणि ती सांगितली की या घरात कुणी आपल्याकडे पहिल्यासारखं बघणार नाही.

"ती पोटुशी नाय," मंजुळा म्हणाली. "पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिची फडकी दोरीवर व्हती."

सोनूबाई म्हणाली की कुणाची तरी असतील.

"तिचीच. मना तिची ओळखता येतात." मंजुळा थांबली नाही. "दर महिन्याला बघते मी. ती या घरात आली त्या महिन्यापासनं बघते. वलांडी बघायला म्हणून जाते आणि तिची फडकी बघून येते. ती दिसली की मना बरं वाटतं. आता बोला मना काय बोलायचं ते. पण तिच्या पोटात काय नाय. जे हाय ते डोक्यात हाय."

चंदरनं मान खाली घातली. शेजारच्या दारात दोन बायका उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं होतं. सोनूबाईचं तोंड उघडं राहिलं. मंजुळेला वाटलं की अंगावरचं लुगडं सुटून पडल्यासारख्या आपण उभ्या आहोत.

गुणाजीनं हातातलं जाळं खाली ठेवलं. तो आत गेला, माणिकच्या पाठीखाली हात घातला आणि चंदरला हाक मारली. चंदरनं पाय धरले. सोनूबाई उंबऱ्यातनं बाजूला झाली. ती आपणहून झाली की तिला गुणाजीनं केलं, हे नंतर कुणाला नीट सांगता आलं नाही.

मंजुळेच्या फेरीत डॉक्टर विद्याधर कोठारे यांचा बंगला होता. त्यांच्या बायकोला, उत्तराबाईंना, ती नेहमी कोलंबी देई. रस्त्यावर मिळालेली घोडागाडी तिनं तिकडेच नेली. मागच्या दारानं जायची सवय, पण त्या दिवशी ती पुढच्या दारानं गेली. डॉक्टर जेवून आडवे झाले होते, तसेच बनियनवर बाहेर आले. त्यांनी माणिकला बाकावर निजवलं, पापण्या उचलून दोन्ही डोळ्यांत विजेरी मारली. एक बाहुली आकसली, दुसरी तशीच राहिली. किल्ली घेऊन तळपायांवरनं ओढली. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. पडली कधी, कशावर, शुद्ध गेली होती का. ओकाऱ्या कधीपासून. डोकं कमी दुखत गेलं की वाढत गेलं. बोलण्यात घोटाळा, हातातनं वस्तू गळणं. चंदरला एकाचंही उत्तर येईना. मंजुळा सगळ्याची उत्तरं देत गेली. कुठल्या सकाळी, कुठल्या हातातनं, कुठला पाय. डॉक्टरांनी मध्येच वर पाहून विचारलं की ती पेशंटची कोण. मंजुळा म्हणाली, जाऊ.

डॉक्टरांनी टेलिफोन केला, अंगात सदरा अडकवला आणि स्वतःची मोटर काढली. वाटेत त्यांनी चंदरला सांगितलं. कवटीच्या आत रक्त साचत चाललं आहे आणि त्याचा मेंदूवर दाब पडतो आहे. मार लागल्यावर माणूस उठून चालू लागला, बोलू लागला, म्हणून सुटलं असं नसतं. शुद्ध जराशीही गेली असेल तर त्याच दिवशी दाखवायचं. आणि नंतर डोकं वाढत दुखायला लागलं, पुन्हा पुन्हा उलटी झाली, झोप आवरेना, माणूस भलतं बोलायला लागला, हात किंवा पाय लुळा पडला, तर घटकाभरही घरी ठेवायचं नाही. "आज सकाळीच आणली असती तर बरं होतं," ते म्हणाले. "उद्या आणली असती तर मी तिला हात लावला नसता." चंदर मांडीवरच्या माणिकच्या डोक्याला दोन्ही हातांनी धरून बसला होता. मंजुळा गुणाजीशेजारी बसून पुढे बघत होती. मोटरीत ती पहिल्यांदाच बसली होती.

मुंबईतल्या मोठ्या इस्पितळात माणिकचे केस भादरले आणि तिला आत नेलं. कवटीला भोकं पाडून साचलेलं रक्त काढायचं होतं. चंदरनं कागदावर अंगठा उठवला. गुणाजी आणि मंजुळा वऱ्हांड्यात भिंतीला टेकून बसली. मंजुळेच्या लुगड्याला मासळीचा वास येत होता, येणारे जाणारे नाकाला रुमाल लावत होते. ती अंग चोरून बसली. मनात ती देवाकडे माणिक वाचावी म्हणून मागत होती आणि मागता मागता तिच्या ध्यानात येत होतं की चंदर जसा त्या बंद दारापुढे उभा आहे, तसं आपल्यासाठी कुणी उभं राहिलं नसतं. एवढ्यातही ते तिच्या मनात आलं. तिला स्वतःची किळस आली, पण विचार गेला नाही.

बऱ्याच वेळानं गुणाजी बोलला. तो म्हणाला, "मना तुझं सांगणं पटलं व्हतं. सकाळी असतो तर सकाळीच आणली असती." मंजुळेनं त्याच्याकडे पाहिलं. तो वऱ्हांड्याच्या फरशीकडे बघत होता.

माणिक वाचली. तिला शुद्ध यायला वेळ लागला, बोलायला त्याहून जास्त. घरी आली तेव्हा डोक्याला पांढरं फडकं बांधलेलं, अंगावर नुसती हाडं. उजवा पाय सुधारला, उजव्या हाताची बोटं मात्र वळेनात. पडल्याच्या आदल्या दिवसापासनं इस्पितळापर्यंतचं तिला काहीच आठवत नव्हतं. सोनूबाई तिच्या डोक्याशी बसून तिला पेज भरवी. मंजुळेशी सासू बरेच दिवस बोलली नाही. फडक्यांची गोष्ट आळीभर झाली होती. विहिरीवर मंजुळा गेली की बायकांचं बोलणं थांबे. घराच्या मागची दोरी कुणीतरी सोडून टाकली होती.

ओट्यावर आता मंजुळा बसत होती. सासूनं तसं सांगितलं नव्हतं, पण दुसरं कोण होतं? तिला हवा होता तो ओटा मिळाला होता आणि रोज चार गिऱ्हाइकं तिला माणिक कधी येणार म्हणून विचारत होती. मंजुळा सांगे, येईल. मासा कापून, बांधून, पुढे सरकवी.

दिवाळी गेली, थंडी पडली. बोंबील चांगला आला, वलांड्या भरल्या. डोक्यावर बोटभर केस आले तेव्हा माणिक एका सकाळी मंजुळेच्या मागनं बाजारात आली आणि ओट्यावर तिच्या शेजारी बसली. कोयता तिला धरवत नव्हता. तेव्हा ती हाका मारी, भाव सांगे, हसे, आणि मंजुळा कापी. गिऱ्हाइकं पुन्हा जमायला लागली. बायका माणिकशी बोलत, तिच्या डोक्यावरनं हात फिरवत, तिची विचारपूस करत, आणि मासा मंजुळेच्या पुढ्यात टाकत. मंजुळा खवलं काढी, पोट फाडी, घाण बादलीत टाकी. तिची मान वर होत नसे. संध्याकाळी बाजार उठला की सगळ्यांच्या तोंडी माणिकचंच नाव असे.

असेच दिवस जात होते. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. माणिक बर्फाचा तुकडा डाव्या हातानं ओट्यावर फिरवत होती. ती म्हणाली, "आये सांगते, सगळे बोलत व्हते मी पोटुशी, तू एकटी बोललीस, तसं नाय. पाय फरफटतोय ते पण तुनाच दिसलं. नवऱ्याला नाय दिसलं. असं कसं गो?"

"बघत व्हते मी तुझ्याकडं," मंजुळा म्हणाली.

"एवढं?"

मंजुळेनं कोयता पुसला. "जळत व्हते तुझ्यावर. माणूस जळतो तेव्हा बघतो."

माणिक बर्फ फिरवायची थांबली. हे तिनं आळीतल्या बायकांकडून ऐकलं असणार, पण मंजुळेच्या तोंडून नाही. तिनं विचारलं, "आता पण?"

"आता पण," मंजुळा म्हणाली. "सरक जरा. गिऱ्हाईक आलंय."